अकरा महिन्यांचे नागरिक

अ‍ॅग्रीमेंटवाला पोरगा साडेसातला येतो म्हणाला होता, पावणेनऊला आला. सॅकमधून लॅपटॉप काढला, टीपॉयवरचा पेपर आणि रिमोट बाजूला सारून तो मांडला, त्याला कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र जोडलं आणि विचारलं, ‘‘ओनर कोण?’’ घर काकूंच्या नावावर. काकू सत्तरीच्या. त्यांनी अंगठा ठेवला, यंत्राने तो घेतला नाही. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. मग तर्जनी, मग डाव्या हाताचा अंगठा. ‘‘भांडी घासून घासून रेषा गेल्यात हो,’’ काकू म्हणाल्या. काकांनी ओला नॅपकिन आणला. पोरगा म्हणाला, खोबरेल असेल तर बघा, कधीकधी लागतं. काकू आत गेल्या आणि तेलाची बाटली शोधण्यात पाच-सात मिनिटं गेली.

तेवढ्या वेळात मी स्क्रीनवरचा मसुदा वाचला. नाव, पॅन, आधार, मजला, क्षेत्रफळ, अनामत. आणि मुदत : ११ महिने. हा आकडा काकांनी सांगितला नव्हता, मीही नाही. तो आधीच भरलेला होता. पोराला विचारलं तर म्हणाला, ‘‘सर, सगळे अकराच करतात.’’

२०२०च्या टाळेबंदीनंतर मी कोथरूडच्या या वन बीएचकेत आलो तेव्हा भाडं साडेबारा हजार होतं. शहर निम्मं रिकामं झालेलं, पोरं लॅपटॉप घेऊन लातूर-परभणीला गेलेली. कुणीतरी राहायला आलं यावरच काका खूश होते. आज एकवीस आहे. काका लोभी आहेत असं मी म्हणणार नाही, खालच्या मजल्यावरच्या अशाच घराला पंचवीस मिळतात आणि ते त्यांना माहीत आहे. २०२२ पासून कंपन्यांनी माणसं परत बोलावली तशी हिंजवडी, वाकड, बाणेर, खराडीकडची भाडी चढली आणि तिथून मागे रेटत रेटत जुन्या पुण्यापर्यंत आली. पेठांमध्ये स्पर्धा परीक्षेची पोरं कॉट बेसिसवर राहतात, म्हणजे खोली नाही, खोलीतली एक खाट भाड्याने. तिचंही भाडं वाढलं. खाट तेवढीच आहे.

या सगळ्यावर पुणे शहर काय करतं? सरळ उत्तर द्यायचं तर काहीच नाही. भाडेवाढ हा पुण्यात हवामानासारखा विषय आहे. त्यावर बोलतात, छत्री घेतात, पुढे जातात. शेजारच्या मुंबईने मात्र शंभर वर्षांपूर्वी यावर इतकं केलं की त्याचे परिणाम आजही आपल्या अंगावर आहेत. त्या अकरा या आकड्यातसुद्धा ते आहेत.

ग्लासगोत १९१५ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, घरमालकांनी भाडी वाढवली आणि बायकांनी भाडं द्यायला नकार दिला. ब्रिटिश सरकारला त्याच वर्षी भाडं गोठवणारा कायदा करावा लागला. तीन वर्षांनी मुंबईतही युद्धकाळापुरता म्हणून भाडेनियंत्रणाचा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा झालं आणि १९४७ मध्ये मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. त्याने प्रमाण भाडं ठरवलं ते १ सप्टेंबर १९४० रोजी जे होतं ते. हाही कायदा मुळात तात्पुरता. मुदत संपत आली की वाढवायची, पुन्हा संपत आली की पुन्हा वाढवायची, असं पन्नास वर्षं चाललं.

तात्पुरत्याने काय होतं ते मी आत्याच्या घरी पाहिलंय. गिरगावातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भाडं मी कॉलेजात असताना नव्वद रुपयांच्या आसपास होतं, म्हणजे तेव्हाही ते वसूल करायला येणाऱ्या मेहताजीचं चहापाणी वजा जाता फार उरत नसणार. एका रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि छताचं प्लास्टर तव्याएवढं सुटून ओट्यावर पडलं. शिऱ्याच्या पातेल्यावर झाकण होतं म्हणून शिरा वाचला. आत्याने झाकणावरचा चुना झटकला आणि वाढायला लागली. मालकाला कळवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. सगळ्या चाळीचं वर्षाचं भाडं गोळा केलं तरी एक जिना दुरुस्त होत नव्हता, हे मालकालाही ठाऊक होतं आणि भाडेकरूंनाही. अखेर सरकारला स्वतःच दुरुस्ती मंडळ काढावं लागलं आणि इमारतींवर उपकर बसवावा लागला. सुरुवातीला अशा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. म्हणजे आधी कायद्याने मालकाचे हात बांधले आणि मग त्याचं काम करायला सरकारी खातं उघडलं.

तरीही मी आत्याच्या बाजूने बोलणार आहे, कारण एक गोष्ट त्या नव्वद रुपयांत होती जी माझ्या एकवीस हजारांत नाही. तिला कुणी ‘निघा’ म्हणू शकत नव्हतं. तिची तिन्ही मुलं एकाच शाळेत शिकली. मतदार यादीतलं तिचं नाव कधी हललं नाही. गणेशोत्सव मंडळात तिच्या नवऱ्याचा शब्द चालायचा, नगरसेवक लग्नाला यायचा. ती भाडेकरू होती आणि पूर्ण वाढीची मुंबईकरही होती. आज हे दोन्ही एकदम असणं जवळपास अशक्य झालंय, आणि भाड्याच्या प्रश्नात मला टोचतं ते हे. आकडा चढतो ते वाईटच, पण आकड्याशी माणूस झुंजतो. स्वयंपाकवाली बंद करतो, गाडी विकतो, लांब राहायला जातो. अकरा महिन्यांशी झुंजता येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की शहराने भाडं गोठवण्याच्या भानगडीत पुन्हा पडू नये, पण राहण्याची मुदत मात्र हातात घ्यावी.

आता ही अकराची भानगड. देशाच्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. नोंदणी टाळायची म्हणून एक महिना कमी, असा हा जुना हिशोब. पण महाराष्ट्रात तो कधीच बाद झालाय. १९९९चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५५ ने मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असं ठरवलं. न नोंदवल्यास जबाबदारी मालकाची, शिक्षाही त्यालाच. मुद्रांक शुल्काच्या तक्त्यातही लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपण सगळे करतो त्या कराराचा, रकाना ६० महिन्यांपर्यंतचा आहे आणि शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का. म्हणजे पाच वर्षांचा करार आजही, आत्ताच्या आत्ता, त्याच पोराच्या त्याच लॅपटॉपवर होऊ शकतो. अकराने वाचत काहीच नाही. उलट दरवेळी नोंदणीचे हजार रुपये, पोराची फी, पोलीस पडताळणी आणि एक रजा जाते.

मग अकरा का? काकांना विचारलं तर ते दादरची गोष्ट सांगतात. मी ती चार वेळा ऐकलीय. त्यांच्या थोरल्या भावाने १९७१ मध्ये दादरच्या घरातल्या दोन खोल्या एका कुटुंबाला लीव्ह अँड लायसन्सवर दिल्या. भाडेनियंत्रण चुकवायला मालकांनी तेव्हा हीच वाट काढली होती : भाडेकरू म्हणायचंच नाही, परवानाधारक म्हणायचं. सरकारने ती वाट बंद केली ती अशी, की १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो परवानाधारक घरात राहत होता तो कायद्याने भाडेकरू झाला. झोपताना पाहुणा, उठताना कायमचा. ‘‘आमच्या दादाची दोन्ही पोरं हॉलमध्ये झोपून मोठी झाली,’’ काका सांगतात, ‘‘आणि आतल्या खोल्यांत दुसऱ्याचा नातू खेळायचा.’’

ही गोष्ट एकट्या काकांची नाही. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत ती वारशासारखी आलीय, चांदीच्या ताम्हणाबरोबर. परक्याला जास्त दिवस राहू दिलं की तो आपला होतो, ही भीती. भीतीचं कारण २००० सालीच संपलं. नव्या कायद्याच्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर परवानाधारकाला निघावंच लागतं, न निघाल्यास दुप्पट रक्कम भरावी लागते आणि मालकाला दिवाणी कोर्टाच्या फेऱ्या न मारता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथेही वेळ लागतो, हे कबूल. पण पाच वर्षांच्या कराराने कुणी घराचा मालक होत नाही, आणि अकरा महिन्यांच्या कराराने मालकाचं वेगळं काही रक्षण होत नाही. तरी अकरा टिकून आहे. विंचू मेला, पण चप्पल झटकून घालायची सवय राहिली.

कायद्याची भाषाही या भीतीच्या मदतीला आहे. मी एकवीस हजार भरतो, पण कायद्याच्या नजरेत मी भाडेकरू नाहीच. परवानगी घेऊन आत असलेला माणूस आहे. परवान्याची ही कल्पना १८८२च्या सुविधाधिकार कायद्यातली; एरवी जे करणं बेकायदा ठरलं असतं ते दुसऱ्याच्या जागेत करू देण्याची मुभा. कुणाच्या बांधावरून पलीकडे जायला विचारावं, त्या जातीचा हा हक्क. त्यावर आज लाखो कुटुंबं चूल मांडून बसलीत. एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली दोन प्रकारची माणसं भाड्याने राहतात. एकाला १९९९च्या कायद्याने वर्षाला ४ टक्क्यांपेक्षा जास्त वाढ सोसावी लागत नाही आणि त्याला उठवणं महाकठीण. तो आपल्या पागडीच्या, म्हणजे एकदाच रक्कम मोजून घेतलेल्या, भाड्याच्या खोल्या विकू शकतो, मालकाला साधारण तिसरा हिस्सा देऊन. दुसऱ्याला वाढीची मर्यादा नाही, मुदतीची हमी नाही, कारण विचारण्याचा हक्क नाही. मधलं कोणीच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये १९४०च्या गोठलेल्या भाड्याची तरतूद मनमानी ठरवली, तेव्हा ही मधली जागा तयार करायची संधी होती. सरकारने जुन्या भाडेकरूंना हात लावला नाही (लावणार कसा, तीन पिढ्यांची मतं एकाच पत्त्यावर) आणि नव्यांसाठी सगळं मोकळं सोडलं. मला यात दुष्टपणा दिसत नाही, हिशोब दिसतो. जो हलत नाही त्याचं मत असतं. दर दोन वर्षांनी प्रभाग बदलणाऱ्याचं नाव निम्म्या वेळा जुन्याच यादीत राहतं, आणि त्याच्यासाठी कुठला उमेदवार सभागृहात घसा कोरडा करणार?

अकरा महिने घरात कसे उतरतात ते बाहेरून दिसत नाही. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, राखीव पंचवीस टक्के जागांत मुलाला घालायचं तर राहत्या पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार मागतात, शाळेचं अंतर त्या पत्त्यावरून मोजतात. प्रवेश लागला की वर्षाच्या आत पत्ता बदलतो; शाळा तिथेच, घर सहा किलोमीटर पलीकडे. घर बदललं की दलालाला एक महिन्याचं भाडं, टेम्पोवाल्याला पाच-सहा हजार, नव्या घराची अनामत आधी आणि जुन्या घरची नंतर, तीही ‘रंगाचे वजा करून’. मग सोसायटी. मालक स्वतः राहत नाही म्हणून ती ना-वापर शुल्क घेते. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही असा शासनाचा आदेश २००१ पासून आहे, तरी मी एकदा दुप्पट भरलंय, कारण भांडायला अकरा महिने पुरत नाहीत. मागच्या एका सोसायटीत भाडेकरूंनी कोणत्या लिफ्टने सामान न्यायचं याची पाटी होती. वार्षिक सभेत बसायला हरकत नाही, बोलायचं नाही. आम्ही बसायचो, कारण समोसे चांगले असायचे.

या पाट्यांवरून आणखी एक गोष्ट आठवते आणि ती भाड्याच्या चर्चेत सोयीने वगळली जाते. घर परवडलं तरी ते मिळतंच असं नाही. आडनाव विचारलं जातं, जेवणात काय असतं विचारलं जातं, एकट्या बाईला ‘घरचे कोण येणार’ विचारलं जातं. दर वर्षी नवं घर शोधणं म्हणजे दर वर्षी या परीक्षेला बसणं. माझं आडनाव आणि जात पुण्यात चालणारी आहे, त्यामुळे मी पास होतो. माझ्या ऑफिसातला एक सहकारी गेल्या वेळी चौदा घरं बघून आला होता, त्यातली नऊ फोनवर नाव सांगेपर्यंत रिकामी होती. मुदत वाढली तर हा भेदभाव जाणार नाही, पण त्याला सामोरं जाण्याची पाळी पाच वर्षांतून एकदा येईल.

भाडी चढली की ‘गोठवा’ ही मागणी येतेच आणि तिच्यामागची तळमळ मला कळते. बर्लिनने २०२० मध्ये ती पुरी केली. सुमारे पंधरा लाख घरांची भाडी जून २०१९च्या पातळीवर थांबवली. ज्यांच्याकडे घर होतं ते सुखावले. ज्यांना नवं घर शोधायचं होतं त्यांच्यासाठी बाजारातली घरं आटली. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने, हा अधिकार राज्याचा नव्हताच म्हणून, कायदा रद्द केला. मुंबईचा पन्नास वर्षांचा चित्रपट बर्लिनने चौदा महिन्यांत दाखवला एवढाच फरक.

पण त्याच जर्मनीत एक दुसरी, कमी गाजलेली गोष्ट आहे. माझा एक मित्र पिंपरीतून म्युनिकला गेला. पहिलं घर घेताना त्याने सवयीने विचारलं, करार किती महिन्यांचा? समोरच्या बाईंना प्रश्नच कळेना. तिथे निवासी करार साधारणपणे बेमुदतच असतो. मुदत घालायची तर मालकाला कायद्यात बसणारं कारण द्यावं लागतं. राहत्या भाडेकरूचं भाडं वाढवता येतं, पण तीन वर्षांत २० टक्क्यांच्या वर नाही, आणि टंचाईच्या शहरांत १५. घर रिकामं झालं की नव्या माणसाकडून मालक बाजाराच्या जवळपास जातो, त्यावरही काही लगाम आहेत. म्युनिक स्वस्त नाही, मित्र भाड्याच्या नावाने रोज बोटं मोडतो. पण तो तिथे आठ वर्षं एकाच घरात आहे, त्याने बाल्कनीत कढीपत्ता लावलाय आणि तो आता त्याच्या खांद्याएवढा झालाय. माझ्या आठ वर्षांत तीन घरं झाली. मी कुंडीसुद्धा प्लॅस्टिकची घेतो, उचलायला हलकी.

पुण्याला हे करता येईल का? भाड्याचा कायदा राज्याचा, महापालिकेच्या हातात तो नाही, असं लगेच सांगितलं जातं. खरं आहे. पण महापालिकेच्या हातात मिळकतकर आहे. मालक स्वतः राहत असेल तर पुण्यात करात ४० टक्क्यांची सवलत मिळते. मध्ये ती काढली गेली, आरडाओरडा झाला, २०२३ मध्ये परत आली. तेव्हा पीटी-३ नावाचा अर्ज भरायला क्षेत्रीय कार्यालयांत उडालेली झुंबड अनेकांना आठवत असेल. घर भाड्याने दिलं की ही सवलत जाते. म्हणजे रिकाम्या घरात एक पणती लावून ‘आम्हीच राहतो’ म्हणणाऱ्याला लाभ, आणि घर माणसांसाठी उघडणाऱ्याला दंड. हे उलटं करा. जो मालक किमान तीन वर्षांचा नोंदणीकृत करार करेल, दरवर्षीची वाढ करारातच लिहून देईल आणि मधेच उठवणार नाही, त्याला तीच ४० टक्के सवलत. भाडेकरूला एक-दोन महिन्यांची नोटीस देऊन निघायची मुभा असू द्या, कारण त्याची नोकरी बदलते. मालकाला स्वतःला किंवा मुलाला राहायचं असेल तर सहा महिन्यांची नोटीस. यात कुणाचं भाडं गोठत नाही. नवा माणूस आला की मालक नवा आकडा लावायला मोकळा.

मालकांकडून याला हरकत येईल आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे. आपल्याकडचा घरमालक बहुतेकदा धनदांडगा नसतो. काका बँकेतून निवृत्त झालेत, हा फ्लॅट त्यांनी फंडाच्या पैशांतून घेतला आणि काकूंच्या गुडघ्यांचा खर्च माझ्या भाड्यातून जातो. मुंबई-पुण्यात घराच्या किमतीवर वर्षाला भाडं सुटतं ते दोन-तीन टक्क्यांच्या आसपास. बँकेत ठेवले असते तर दुप्पट मिळाले असते. अशा माणसाला जास्त आवळलं तर तो कुलूप लावतो. लावतातच. २०११च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी सापडली होती, देशातल्या महानगरांत सर्वांत जास्त. ज्या शहरात माणसं खाट भाड्याने घेतात त्याच शहरात. म्हणूनच मी सवलतीच्या वाटेने जातोय, सक्तीच्या नाही. तीन वर्षं घर रिकामं राहणार नाही, दर वर्षी दलाल आणि रंग नाही, कर कमी. हा सौदा काकांसारख्या माणसाला वाईट नाही. महापालिकेचं उत्पन्न थोडं घटेल. पण तिच्या हाती पहिल्यांदाच असं काहीतरी येईल जे आज कुणाकडे धड नाही : कुठल्या भागात, किती फुटांना, किती भाडं. नोंदणी विभागाकडे हे सगळं दस्तांमध्ये पडून आहे. विक्रीसाठी दरवर्षी रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरांचा तक्ता, निघतो आणि त्यावर पानं भरून बातम्या येतात. भाड्याचा असा तक्ता काढायला काय हरकत आहे? आज मला माझ्या गल्लीचं भाडं दलालाकडून कळतं, आणि दलालाची फीच भाड्यावर ठरते.

‘आणखी घरं बांधा, भाडी आपोआप उतरतील’ असं म्हणणारेही आहेत. बांधा की. पण पुण्यात क्रेन थांबलेल्या कुणी पाहिल्यात? बांधतात ते विकायला, टू बीएचके आणि थ्री बीएचके, आणि त्यातली बरीच गुंतवणूक म्हणून बंद राहतात. भाड्याने द्यायला म्हणून इमारत बांधणारा बिल्डर मला तरी भेटलेला नाही. केंद्राच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणीत एक आकडा आहे : भारतीय शहरांत १९६१ मध्ये ५४ टक्के घरं भाड्याची होती, २०११ मध्ये २८. आपली सगळी धोरणं, कर्जावरच्या व्याजाची वजावट, अनुदानं, लॉटरी, माणसाला मालक करण्यासाठी आहेत. राज्याच्या २०२५च्या गृहनिर्माण धोरणात भाड्याच्या घरांचा विचार आहे, विद्यार्थी आणि नोकरदार महिलांसाठीही आहे. पण धोरणाचं नाव ‘माझे घर, माझा अधिकार’. भाड्याने राहणं म्हणजे मालकीच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसणं, असंच आपण धरून चालतो. फलाटावर कोण बाकं वाढवणार?

सरकारकडे स्वतःची भाड्याची घरं होती, हे आता विसरायला झालंय. १९२०च्या दशकात मुंबई सरकारने वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी बांधल्या, दोनशेहून जास्त इमारती, एकेक खोली १६० चौरस फुटांची. बांधकाम ओबडधोबड, सुरुवातीला कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. पण गिरणी कामगारांच्या आणि पोलिसांच्या पिढ्या तिथे वाढल्या. त्याच दशकात व्हिएन्नाच्या महापालिकेने कर बसवून कामगारांसाठी घरं बांधायला घेतली. मध्ये काही काळ बांधणं थांबलं, पण घरं विकली नाहीत. आज तिच्याकडे सुमारे २ लाख २० हजार भाड्याची घरं आहेत, आणि शहरातलं भाडं बेफाम न होण्याचं ते एक मोठं कारण आहे. आपण त्या १६० फुटांत शंभर वर्षं माणसं ठेवली आणि मग मालकी दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांना त्या मिळायलाच हव्या होत्या, उशीरच झाला. माझा प्रश्न त्याच जमिनीवर विक्रीसाठी उभ्या राहणाऱ्या मनोऱ्यांबद्दल आहे. त्यातला दहावा हिस्सा जरी सरकारने भाड्यासाठी हाती ठेवला असता, तर वरळीत नर्स, बेस्टचा कंडक्टर, शाळेतली बाई भाड्याने राहू शकली असती. मुंबई महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाने, एमएमआरडीएने, २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना काढली होती, पुन्हा १६० चौरस फुटांचीच, जणू हा आकडा कुणीतरी ताम्रपटावर कोरून ठेवलाय. तीही पुढे विक्रीच्या घरांकडे वळली. पुण्यात तर एवढंही झालं नाही.

हे सगळं त्या रात्री अर्थातच बोललो नाही. काकू तेलाची बाटली घेऊन आल्या, अंगठ्याला बोटभर लावून पुसलं, यंत्राने तरी घेतलं नाही. मग उजव्या हाताची मधली बोटं चालली आणि सगळ्यांनी हुश्श केलं. माझा नंबर यायच्या आधी मी काकांना म्हटलं, छत्तीस महिने करूया का? वाढ दर वर्षाची आत्ताच लिहा, तुम्ही म्हणाल ती. पोराने मान वर केली. ‘‘सिस्टिम घेते का?’’ काकांनी त्याला विचारलं. ‘‘साठपर्यंत घेते,’’ तो म्हणाला. काका गप्प झाले. मला वाटतं ते दादरच्या हॉलमध्ये होते. मग त्यांनी बंगळुरूला मुलाला फोन लावला, गॅलरीत जाऊन बोलले, परत येऊन काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, ‘‘अहो, पाच वर्षं राहतोय तो, आता कुठे पळून जाणारे.’’

‘‘छत्तीस नको,’’ काका म्हणाले. ‘‘बावीस कर.’’

‘‘बावीस?’’ पोरगा.

‘‘दोनदा अकरा.’’

पोराने बॅकस्पेस दाबला आणि बावीस टाकले. मी अंगठा ठेवला, पहिल्याच वेळी लागला.